सात महिने वापरलेला दोन 813 चा लिनियर: 25 वॅटचा एएम 100 वर नेताना

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी नोव्हेंबरपासून माझ्या हॅम (हौशी) रेडिओ स्टेशनवर दोन 813 व्हॉल्व्हचा लिनियर, म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, चालवतोय. आता जून लागला, विजा कडाडायला लागल्या, अँटेना सोडवून ठेवली आणि लिहायला सवड मिळाली. एएमची (अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, मिडियम वेव्हवर ऐकतो ती पद्धत) पॉवर वाढवायचा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर सांगतो.

माझा मूळ ट्रान्समीटर 807 व्हॉल्व्हचा. फायनलला (शेवटच्या पॉवर टप्प्याला) एक 807, मॉड्युलेटरला (आवाज चढवणाऱ्या भागाला) 807 ची जोडी, कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ रेडिओ लहर) 25 वॅट. आवाज गोड, पण संध्याकाळी चाळीस मीटरवर (7 मेगाहर्ट्झचा बँड) गलका वाढला की बेळगाव, हैदराबादचे लोक म्हणायचे, "कॅरिअर दिसतोय, शब्द निसटतायत." हैदराबादच्या एका ज्येष्ठ ओएमनी (हॅम मंडळी एकमेकांना असं म्हणतात) वयोमानामुळे शॅक (रेडिओची खोली) आवरायला घेतला, त्यांच्याकडून 813 च्या जोडीचं जुनं चेसिस मिळालं. पॉवर सप्लाय मात्र नव्यानं बांधावा लागला. ट्रान्सफॉर्मर नांदेडला वाइंड करून घेतला, 1500 व्होल्टचा, पुढे 1N5408 डायोडच्या माळांचा ब्रिज. लोडवर बरोबर 2000 व्होल्ट उभे राहतात.

मोठी फायनल बांधून तिलाच प्लेट मॉड्युलेशन (प्लेटच्या व्होल्टेजवरच आवाज चढवणं) का दिलं नाही, असं बरेच जण विचारतात. 100 वॅट कॅरिअरसाठी फायनलला साधारण 140 वॅट इनपुट लागतो आणि त्याच्या निम्मा, म्हणजे 70 वॅट ऑडिओ. तेवढा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर आज विकत मिळत नाही, वाइंड करून घेतला तर हाताने उचलवत नाही. लिनियरला ही भानगड नाही. 807 चा एचटी (प्लेटचा हाय व्होल्टेज) उतरवून 10 वॅट कॅरिअर आत सोडायचा, बाहेर 100 घ्यायचा. 813 ची ग्रिड आणि स्क्रीन थेट चेसिसला, ड्राइव्ह (807 कडून येणारा सिग्नल) फिलामेंटला (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेला).

पण फुकट काही मिळत नाही. एएम लिनियरची कॅरिअरला कार्यक्षमता जेमतेम 33 टक्के. 2000 व्होल्ट गुणिले 150 मिलिअँपिअर म्हणजे 300 वॅट आत, 100 बाहेर, 200 वॅटची नुसती ऊब. एका 813 ला सलग वापरात 100 वॅट सोसतात, म्हणजे काठोकाठ हिशोब. शंभर टक्के मॉड्युलेशनला शिखर कॅरिअरच्या चौपट, म्हणजे 400 वॅट. जनरल ग्रेडच्या लायसनची मर्यादाही 400 वॅटचीच, आणि मी शिखरालासुद्धा ती ओलांडत नाही. म्हणून 100 च्या पुढे कॅरिअर न्यायचा मोह धरायचा नाही.

आता खरी गोष्ट. 25 वरून 100 म्हणजे चौपट पॉवर, म्हणजे 6 डीबी, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस युनिट (त्या मीटरवरची एक पायरी). फक्त एक. एवढ्यासाठी सात महिने राबलो का, तर हो, आणि पुन्हा राबेन. एसएसबीवर (कॅरिअर न पाठवता एकच साइडबँड पाठवायची पद्धत) एक एस युनिट कुणाच्या लक्षातही येत नाही. एएममध्ये कॅरिअर भक्कम झाला की रिसीव्हरचा एजीसी (सिग्नल बघून आपोआप गेन कमीजास्त करणारं सर्किट) गेन उतरवतो, शब्दांच्या मधली खरखर दबते आणि आवाज मोकळा होतो. बेळगावच्या ओएमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पूर्वी कान लावून ऐकावं लागायचं, आता चहा पीत ऐकतो." मी परभणी आकाशवाणीच्या 1305 किलोहर्ट्झवर वाढलेला माणूस. तो भरीव आवाज आपल्या सेटमधून निघतोय हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही. मात्र तुमची अँटेना ठेंगणी असेल तर आधी तिच्याकडे बघा. मी 66 फुटांचा डायपोल (मधोमध फीड दिलेली तारेची अँटेना) वीस फुटांवरून चाळीस फुटांवर नेला तेव्हा लांबच्या स्टेशनांकडून रिपोर्ट जवळपास इतकाच सुधारला होता, खर्च दोन बांबू आणि दोरीचा.

सगळ्यात जास्त छळलं ते व्होल्टेजनं. रब्बीत शेतीची थ्री फेज दिवसा असली की सकाळी आमच्या डीपीवरच्या मोटारी एकामागून एक सुरू होतात आणि घरात 230 चे 185 होतात. एचटी 1600 वर येतो ते एकवेळ चालेल. फिलामेंटचं काय? 813 ला 10 व्होल्ट, 5 अँपिअर लागतात, पाच टक्क्यांच्या आत. 185 ला ते 8 व्होल्ट होतात. थोरिएटेड टंगस्टनची फिलामेंट कमी तापवून वर करंट ओढला तर तिचं एमिशन (इलेक्ट्रॉन सोडायची ताकद) मरतं. डिसेंबरभर मी हे दुर्लक्षित केलं. जानेवारीत एक व्हॉल्व्ह थकलेला दिसला, आवाजाची शिखरं चपटी व्हायला लागली. त्यानंतर फिलामेंट ट्रान्सफॉर्मरला वेगळा व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावला आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटवरच मोजणारा मीटर समोर बसवला. रोज चालू करताना आधी फिलामेंट 10 वर आणायची, मगच एचटी. व्होल्टेज 200 च्या खाली असेल तर त्या दिवशी लिनियर बंद आणि 807 वरच बोलायचं.

बदली व्हॉल्व्ह एका विक्रेत्याकडून "न वापरलेला" म्हणून घेतला. एचटी देताच आत जांभळट-गुलाबी उजेड पसरला आणि फ्यूज उडाला. व्हॉल्व्हमध्ये गॅस. काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक दिसते ती चालते, पण प्लेट आणि ग्रिडच्या मधल्या जागेत जांभळा धूर भरल्यासारखा दिसला की तो व्हॉल्व्ह गेला. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. पुढचे दोन घेतले ते ओळखीतून, आणि दोन्हींना रात्रभर नुसत्या फिलामेंटवर ठेवून मगच एचटी हळूहळू चढवला. दोन्ही ठणठणीत आहेत.

फेब्रुवारीत वेगळाच प्रकार घडला. संध्याकाळी मारुतीच्या देवळातले महाराज घरी आले. म्हणाले, "गुरुजी, हरिपाठात मधेच तुमचं हॅलो हॅलो येतंय." भोंग्याची वायर देवळापासून पारापर्यंत गेलेली, तीच अँटेना झाली होती, आणि देवळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर माझा एएम डिटेक्ट करत होता. एसएसबी असती तर नुसतं बकबक ऐकू आलं असतं, एएम मात्र शब्दन् शब्द कळतो. मी त्याच क्षणी ट्रान्समीटर बंद केला. दुसऱ्या दिवशी माइकच्या सॉकेटवर 1000 पीएफचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला, माइकच्या आणि भोंग्याच्या वायरीला फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे दिले, अ‍ॅम्प्लिफायरला अर्थिंग करून दिलं. आवाज गेला. तरी हरिपाठाच्या वेळेत मी लिनियर लावत नाही. गावात राहून हा छंद करायचा तर लोकांचा त्रास आपला मानायलाच हवा.

अर्थिंगचं म्हणाल तर काळी माती मार्चनंतर भेगाळते आणि रॉडभोवती बोट जाईल एवढी फट पडते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात एक दिवसाआड बादलीभर पाणी ओततो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 200 वॅट प्लेटची आणि 100 वॅट फिलामेंटची ऊब, म्हणजे सकाळी आठच्या आधी उरकायचं. पंखा मात्र व्हॉल्व्हवर, माझ्यावर नाही.

ट्यूनिंगबद्दल एकच सांगतो. बोलताना प्लेट करंटचा काटा जागचा हलता कामा नये. काटा नाचला की कुठेतरी शिखर कापलं जातंय, मग ड्राइव्ह कमी करा किंवा लोडिंग वाढवा. मी जुन्या ऑसिलोस्कोपवर एन्व्हलप (लहरीचा बाहेरचा आकार) बघूनच बोलतो. ऑडिओ 3 किलोहर्ट्झला कापलाय, तरी एएम 6 किलोहर्ट्झ जागा खातो, आणि आपला बँड आधीच चिंचोळा.

आणि हे नीट वाचा. 2000 व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत. फिल्टरला सहा कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर 47 किलोओमचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर). बंद केल्यावर मी पूर्ण एक मिनिट थांबतो, मीटर शून्यावर आला तरी लाकडी काठीच्या अर्थिंग हुकने एचटी चेसिसला टेकवतो, आणि मगच झाकण काढतो. झाकणाला मायक्रोस्विच आहे, त्याच्यावर विसंबत नाही. एक हात कायम खिशात. नातू खोलीत असेल तर मेन स्विचची फ्यूज काढून माझ्याजवळ ठेवतो.

सध्या अँटेनाच्या कोॲक्स केबलचं टोक खिडकीबाहेर रिकाम्या काचेच्या बरणीत आहे. स्पेअर दोन 813 ना महिन्यातून एकदा फिलामेंट देतोय. दसऱ्याला पुन्हा चाळीसवर भेटू.