नाना पेठेतलं जुन्या बुलेटचं गॅरेज : वेळ लागतो, पण जा

आधीच सांगतो, ज्यांना शनिवारी गाडी टाकून रविवारी लोणावळा करायचंय त्यांच्यासाठी हे गॅरेज नाही. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून चालत दोन मिनिटांवर आहे, बाहेर पाटी नाहीये, स्पेअर पार्टवाल्या कुठल्याही दुकानात "जुनी बुलेट करणारे काका" विचारलं की बोट दाखवतात. फक्त कास्ट आयर्न इंजिनच्या गाड्या घेतात, म्हणजे उजव्या पायाला गिअर असलेली जुनी 346 सीसी. नवीन गाडी नेलीत तर प्रेमाने दुसरीकडे पाठवतील.

आमची गाडी माझ्या मामांची, त्यांनी हौसेने घेतलेली आणि गुडघ्यांमुळे आमच्याकडे दिलेली. आधी दुसऱ्या एका ठिकाणी हाफ इंजिन, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, पिस्टन-सिलेंडरचं काम करून घेतलं होतं, तिथं सगळं फटाफट झालं, चार दिवसांत गाडी हातात, आणि दिवे घाटात चढावर पिस्टन जाम झाला. मग इथं आणली. काकांनी हेड उघडून बघितलं, सिलेंडरच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाले बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) सरळ मारलेलंच नाहीये, परत मारायला लागेल, ओव्हरसाइज पिस्टन मिळेल तेव्हा मिळेल, माझा लेथवाला एकच आहे आणि तो घाई करत नाही. तारीख विचारली तर तारीख दिलीच नाही.

आता हे मी इतकं का लिहितोय, तर त्या काळात आमच्या घरात आधीच एक मोठं थांबणं चालू होतं, अजूनही आहे. मी आणि बायको दत्तक मुलासाठी काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, यादीत आहोत. ऑनलाइन नोंदणी झाली, सगळी कागदपत्रं झाली, सोशल वर्कर मॅडम घरी येऊन होम स्टडी करून गेल्या, आता आपल्या हातात काही नाही, फक्त नंबर पुढं सरकायचा. लोकांना तीन-तीन वर्षं आणि त्याहून जास्त लागतायत. मुलाची माहिती आली की राखून ठेवायला 48 तास मिळतात, म्हणजे वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एकदम दोन दिवसांत आयुष्य बदलणार. नातेवाईक विचारतात काय झालं पुढं, आणि सांगायला काहीच नसतं. अशात गाडी पण अडकली, मला फार जड गेलं ते.

आणि मग ज्येष्ठ संपत आला आणि काका वारीला निघाले! माळकरी आहेत, दरवर्षी जातात, गॅरेजला कुलूप. तुकोबांची पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबालाच मुक्कामाला असते, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, त्यामुळे त्या दोन दिवसांत हा सगळा भाग वारकऱ्यांनी भरलेला असतो. मी चौकशीला गेलो तर काका गॅरेजसमोर दिंडीतल्या लोकांना चहा देत होते. गाडी आत, इंजिन खोललेलं, पार्ट वर्तमानपत्रावर ओळीत मांडून प्रत्येकाखाली चिठ्ठी. मी म्हणलं काका माझं कसं होणार. ते म्हणाले, "पांडुरंगावर सोडा, आणि तोवर तुमच्याकडचं काम करा. पिस्टन आला की मी आहे ना."

हे वाक्य कुणी दुसऱ्याने म्हणलं असतं तर मला राग आला असता, पण ते म्हणणारा माणूस स्वतः पायी पंढरपूरला निघाला होता आणि मागे चिठ्ठ्या लावून गेला होता. माझ्या डोक्यात मग पुंडलिकाची गोष्ट बसली ती निघेनाच. लहानपणापासून ऐकलीये आपण सगळ्यांनी, देव दारात आला आणि हा आईबापाची सेवा करत होता, वीट फेकली आणि म्हणाला थांब. आणि देव थांबला! कमरेवर हात ठेवून, अठ्ठावीस युगं. आपण कायम म्हणतो देव वाट बघायला लावतो, पण आपल्या महाराष्ट्राचा देव तर स्वतःच वाट बघत उभा आहे, आणि पुंडलिक काही रिकामा बसला नव्हता, हातातलं काम सोडलं नाही त्याने. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं, ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली आपलं बाळ जिथं कुठं असेल तिथं त्याच्यापाशी पण तोच उभा असेल ना. त्या रात्रीपासून आम्ही दोघं रोज त्या मुलासाठी प्रार्थना करतो, नाव माहीत नाही, जन्म झालाय का तेही माहीत नाही. आणि ती मागची खोली, जी आम्ही भीतीने तशीच ठेवली होती, ती रंगवून घेतली.

गाडीबद्दल. आषाढी झाल्यावर काका आले, पिस्टन आला, बोअर मारून झालं, व्हॉल्व्ह लॅपिंग, नवीन पॉइंट, क्लच केबल. बिल आधी सांगितलेल्या अंदाजाइतकंच, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. काम असं आहे की अँपिअर मीटरची सुई मध्यावर आणून, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक थोडी खाली घेतली आणि सोडून मारली की पहिल्या किकला चालू. घाईने मारलीत तर उलटी किक बसते, पाय सुजतो, हे काका प्रत्येकाला समोर उभं करून शिकवतात, अर्धा तास गेला तरी चालेल म्हणतात.

मग रनिंग, म्हणजे नवीन पिस्टन बसेपर्यंत गाडी हळू चालवायची. पहिले 500 किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, मध्ये मध्ये थांबून इंजिन थंड करायचं. आम्ही तेच निमित्त करून पंढरपूरला गेलो, मुद्दाम पालखीच्या रस्त्याने, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. ट्रक मागून हॉर्न मारत पुढे जात होते आणि आम्ही आपले डाव्या कडेने. जोरात जायची परवानगीच नाही म्हणल्यावर इतकं हलकं वाटलं, नीरेचं पाणी बघायला थांबलो, फलटणच्या पुढं बाभळीखाली इंजिन गार होईपर्यंत बसलो, आणि बायको कित्येक महिन्यांनी पोटभर हसली. पंढरपुरात मुखदर्शन लवकर होतं पण आम्ही पदस्पर्शाच्या रांगेत लागलो. पायावर डोकं ठेवलं तेव्हा मी काही मागितलं नाही, फक्त म्हणलं आम्ही आहोत इथंच, तू बघ. मनातली भीती सगळी गेली असं नाही, पण आता रोज सकाळी उठून आधी पोर्टल उघडत नाही मी.

कमी काय आहे तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो वगैरे काही येणार नाही, फोन बऱ्याचदा उचलत नाहीत, स्वतः जाऊन बघावं लागतं. दहाच्या आत जा, नंतर त्या बोळात गाडी लावायला जागा नसते. आषाढात आणि कार्तिकी एकादशीच्या आसपास जाऊ नका, बंद असतं. बसायला एक बाकडं आहे आणि चहा मिळतोच.

माझ्याकडून पाच पैकी पाच. 500 पूर्ण झालेत, आता ऑइल बदलायला आणि टॅपेट सेटिंगला परत जातोय. क्लच अजून थोडा ओढतो, त्याचं काय निघतंय ते इथंच लिहीन.