‘कॉस्टिक-फ्री’ हँडमेड साबण घेताय? आधी हे वाचा

हँडमेड साबणाच्या जाहिरातीत ‘कॉस्टिक-फ्री’ (म्हणजे कॉस्टिक सोडा हा तीव्र क्षार न वापरता केलेला) किंवा ‘केमिकल-फ्री’ हे शब्द दिसले, की पैसे पाठवू नका. भाच्याच्या मुंजीत द्यायला मी असेच ६० साबण घेतले, १८० रुपयांना एक. सगळे मिळून १०,८०० रुपये.

जाहिरातीत शेळीचं दूध होतं, खोबरेल होतं, ‘कोल्ड प्रोसेस, सहा आठवडे मुरवलेला’ असंही होतं, म्हणजे तेल आणि कॉस्टिक न शिजवता मिसळून केलेला. वर विक्रेतीने फोनवर सांगितलं, “ताई, प्रत्येक वडीवर बटूचं नाव उठवून देते, आठवड्याच्या आत घरपोच.” या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. नाव उठवलेली वडी म्हणजे आमच्यासाठीच ओतलेली, आणि कोल्ड प्रोसेसचा साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो. त्यातलं पाणी उडून वडी कडक व्हायला तेवढा वेळ लागतोच.

वड्या आल्या त्या पांढऱ्याशुभ्र, अक्षरं सुबक. उरलेले पैसे लगेच दिले. मे महिना, त्यात आमची रत्नागिरीची हवा. मुंजीच्या आदल्या दिवशी खोका उघडला तर प्लॅस्टिकच्या आतून थेंब साचलेले, लेबलांची शाई फुटलेली आणि वडी बोटाला चिकटत होती. माझी धाकटी नणंद घरी साबण करते. तिने एक काप वाटीत घेतला आणि वाटी उकळत्या पाण्यावर धरली. बघता बघता त्याचं पातळ पाणी झालं, गार झाल्यावर पुन्हा तशीच घट्ट चकती. “वहिनी, हा बेस आहे. हिने फक्त वितळवून ओतलाय,” ती म्हणाली. कोल्ड प्रोसेसचा साबण असा स्वच्छ वितळत नाही, त्याचा गोळा होतो.

घन साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासूनच बनतो. प्रमाण बरोबर असेल तर शेवटी कॉस्टिक उरत नाही, साबण आणि ग्लिसरीन उरतं. बेस ही कारखान्यातून तयार होऊन आलेली लादी, किलोवर मिळते. तिचा साबणही कॉस्टिकनेच झालेला असतो, फक्त विकणाऱ्याने ते हाताळलेलं नसतं. बेसमध्ये जादा ग्लिसरीन असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून कोकणात या वड्यांना घाम फुटतो. बेसचा साबण वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तो बेसचा म्हणून, बेसच्या भावात विकावा. शेळीच्या दुधाचा खरा साबण दुधातल्या साखरेमुळे बहुतेक वेळा सायीच्या किंवा बदामी रंगाकडे जातो. कडुनिंबाचा हिरवाही उजेडात खाकी पडतो, पोपटी राहिला तर रंग घातलाय असं समजा.

लेबलवर घटक नव्हते, बॅच नंबर नव्हता, पत्ता नव्हता, परवाना क्रमांकही नव्हता. विक्रीसाठी साबण बनवायला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो आणि त्याचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. मी परवान्याचं विचारल्यावर “आमचा बेस नॅचरलच असतो” एवढं उत्तर आलं, मग नंबर ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती हाताशी होती म्हणून ती नोंदवता तरी आली. पैसे अजून परत आलेले नाहीत. मुंजीत ते साबण आम्ही कुणालाही दिले नाहीत.

आता मी विकणाऱ्याला सरळ विचारते: कोणती तेलं, कॉस्टिक कोण मोजतं, ही वडी कधी कापली? स्वतः साबण करणारी बाई यावर भरभरून बोलते. ‘पीएच ५.५’ (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा) असं कुणी सांगितलं तर तो तेलाचा साबण नाही, तेलाच्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो.

खरा साबण मिळाला तर जपावा लागतो. साबणदाणीला खाली फटी हव्यात, पाण्यात बसला की वडी लिबलिबीत होते. मोठी वडी असेल तर अर्धी कापून वापरायला काढा, उरलेली कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. बोअरचं पाणी जड असेल तर बादलीच्या कडेला पांढरा साका धरेल, त्याने घाबरू नका, जड पाण्यात साबणाचं तसंच होतं. मात्र वडीवर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास सुटला तर आतलं तेल बिघडलंय. ती वडी अंगाला लावू नका.