सोशल स्किल्सचा क्लास, आवडीचा क्लब की ऑनलाइन सर्व्हर? आधी तासांचा हिशोब करा

मुलगा १४ वर्षांचा झाला तरी शाळेबाहेर एक मित्र नाही, किंवा आपणच तिशीत आहोत आणि ऑफिस सुटलं की फोन करायला कुणी नाही. मग एकजण सुचवतो सोशल स्किल्सचा क्लास लावा, दुसरा म्हणतो छे, एखाद्या क्लबमध्ये घाला, आणि तिसरा म्हणतो दिवसभर गेम खेळतो ना, मग तिथेच शोधू दे मित्र. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त तिघांचं उत्तर वेगवेगळ्या प्रश्नाला असतं आणि आपला प्रश्न कुठला हे न बघताच आपण फी भरून मोकळे होतो. भाच्याच्या निमित्ताने मी ह्या तिन्ही वाटा फिरून आलेय (त्याला ऑटिझम आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं, दोन्ही आहे), म्हणून अशा मुलांना आणि मोठ्यांना मित्र कसे मिळतील ह्यावर लिहितेय.

आधी एक हिशोब. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये एक अभ्यास छापला, नुसती ओळख असलेला माणूस मित्र व्हायला किती वेळ एकत्र घालवावा लागतो ह्यावर. जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, नीट मित्र म्हणायला ९० च्या आसपास, आणि जवळची मैत्री व्हायला २०० च्या वर. हा अभ्यास खास न्यूरोडायव्हर्स, म्हणजे ऑटिझम किंवा एडीएचडीसारखं वेगळेपण असलेल्या, लोकांवरचा नव्हता, त्यामुळे आकडे अगदी घट्ट धरू नका. आता क्लास बघा. ह्या प्रकारात सगळ्यात नावाजलेला प्रोग्रॅम म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये तयार झालेला पीअर्स, तो साधारण १६ आठवड्यांचा, आठवड्याला दीड तास. म्हणजे २४ तास झाले, आणि त्यातला बराच वेळ ट्रेनर बोलणार. तेवढ्यात मित्र कसा होईल?

तरी क्लास बिनकामाचा अजिबात नाही. पीअर्समध्ये मला आवडलं ते हे की मोठ्यांना जे शहाणपणाचं वाटतं ते शिकवत नाहीत, ज्या मुलांचं इतरांशी जमतं ती मुलं प्रत्यक्ष काय करतात ते शिकवतात. चार जण बोलत उभे असतील तर आपण मोठी माणसं काय सांगतो, जा आणि हॅलो म्हण, माझं नाव अमुक सांग. तसं कुठलंच मूल करत नाही! आधी जवळ राहून विषय काय चाललाय ते ऐकायचं, बोलण्यात खंड पडला की त्याच विषयावर एखादं वाक्य टाकायचं, आणि त्यांनी जागा दिली नाही तर गुपचूप निघायचं. कुणी चिडवलं तर लांबलचक उत्तर द्यायचं नाही, कंटाळल्यासारखं 'बरं मग?' म्हणून सोडून द्यायचं. शिवाय आईवडिलांचा वेगळा ग्रुप त्याच वेळी चालतो, घरी मित्र बोलावला तर काय बघायचं हे त्यांनाही शिकवतात, आणि हा भाग नसलेला क्लास मी तरी घेणार नाही.

अडतं ते पुढे. अशा ग्रुप्सवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये तपासले तेव्हा दिसलं की मुलं स्वतः जी सुधारणा सांगतात ती मुख्यतः 'काय करायचं ते आता कळतं' ह्याची असते, 'मी तसं करतो' ह्याची नाही. भाचा हेच त्याच्या शब्दात म्हणाला होता, "मावशी, कुठे चुकलो ते मला आता कळतं, पण घरी आल्यावर कळतं." एडीएचडी असेल तर हे जास्तच, कारण दुसऱ्याचं वाक्य तोडू नये हे त्या मुलाला आधीपासून पाठ असतं, नेमक्या त्या सेकंदाला थांबता येत नाही एवढंच. त्याच्यासाठी नियमांचा अजून एक क्लास म्हणजे पोहता येणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. आणि एक सांगते, आम्ही आधी ज्या क्लासला गेलो तिथे डोळ्यात बघून बोलण्याचे स्टार मिळायचे. तीन महिन्यात स्टार खूप जमले आणि पोरगं घरी आलं की खोलीचं दार लावून झोपायला लागलं, तेव्हा तो बंद केला.

क्लबचं गणित उलटं आहे, तिथे शिकवत कुणीच नाही पण तास साठतात. बुद्धिबळ, रोबोटिक्स, गिर्यारोहण, नाटक, टेबलावर बसून खेळायचे डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखे गोष्टीचे खेळ, काहीही चालेल, अट एकच की त्या माणसाला ते मनापासून आवडलं पाहिजे आणि हाताला काम पाहिजे. हाताला काम असलं की नजरेचं ओझं दोघांमधल्या वस्तूवर जातं, गप्प बसलं तरी विचित्र वाटत नाही, आणि बोलायला विषय समोरच पडलेला असतो. डॅनियल लगॉफ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लेगोच्या ठोकळ्यांवर अख्खी पद्धत उभी केली ती ह्याच जोरावर (त्यांचा पहिला अभ्यास २००४ चा). एक मूल इंजिनिअर, ते सूचना वाचून सांगणार, दुसरं ठोकळे शोधून देणार, तिसरं जोडणार, आणि मग अदलाबदल. एकमेकांशी बोलल्याशिवाय मॉडेल पुढेच सरकत नाही, त्यामुळे 'बोल ना रे' असं कुणाला सांगावं लागत नाही.

पण क्लब म्हणजे कुठलाही क्लब नव्हे. ज्याला चेंडू झेलायला अवघड जातं त्याला टीम स्पोर्टमध्ये घातलं तर तो दर आठवड्याला सगळ्यांसमोर टीमला हरवणार, मैत्री राहू द्या बाजूला. एडीएचडीवाल्याला मैदानाच्या टोकाला उभं राहून वाट बघायच्या खेळापेक्षा क्लाइंबिंग किंवा कराटे बरं पडतं. आवाजाचा त्रास होणाऱ्याला दणदणीत हॉल नको. आणि जिथे काम ठरलेलं असतं अशी स्वयंसेवकाची जागा, म्हणजे लायब्ररीत पुस्तकं लावणं, धावण्याच्या इव्हेंटला टोकन गोळा करणं, ही मोठ्या माणसांसाठी मला सगळ्यात कमी लेखली गेलेली वाट वाटते, कारण तिथे 'मी इथे का उभा आहे' हा प्रश्नच पडत नाही.

मग ऑटिस्टिक आणि इतर असे सगळे एकत्र असलेला मिक्स ग्रुप की आपल्यासारख्यांचाच? घरच्यांना वाटतं मिक्समध्येच घालावं, जगाची सवय होईल. डॅमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसाच इतरांनाही तो कळत नाही, मग सगळा रिपेअर एकाच बाजूचा कशाला. २०२० मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला, तेव्हा सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, मिक्स साखळीत मात्र जास्त गळली. पुढच्या मोठ्या प्रयोगात मिक्सचा फरक तसा दिसला नाही, पण ऑटिस्टिक साखळी तिथेही मागे पडली नाही. त्यामुळे माझं मत, ज्याला आजवर फक्त नकारच मिळालाय त्याने आधी आपल्या लोकांमध्ये जावं, तिथे एकदा कुणाला तरी आपण आवडतो हे कळलं की मिक्स ग्रुपमधला नकार पचतो.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. चेहरा वाचावा लागत नाही, उत्तराला वेळ घेता येतो, थकलं की लॉगआउट, आणि तास तर भराभर साठतात. फरक कशाने पडतो, तर दारावर कुणी उभं आहे का ह्याने. माइनक्राफ्ट ह्या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमचा ऑटक्राफ्ट हा सर्व्हर (म्हणजे एकत्र खेळायची ऑनलाइन जागा) २०१३ मध्ये कॅनडाच्या स्टुअर्ट डंकन यांनी ऑटिस्टिक मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी काढला, तिथे अर्ज करूनच आत जाता येतं आणि दादागिरी केली तर बाहेर. उघड्या सर्व्हरवर हे नसतं, आणि लगेच विश्वास ठेवणारं मूल असेल तर तिथे मोठ्या माणसाने सोबत असावंच.

तर ठरवायचं कसं? एखादीच गोष्ट अडत असेल, म्हणजे लोकांत शिरायचं कसं कळत नाही किंवा चिडवण्यावर काय करावं सुचत नाही, आणि त्या माणसाला स्वतःला शिकायचं असेल, तर क्लास, आणि क्लास चालू असतानाच क्लब, नंतर नाही. सगळं माहीत आहे पण माणसंच भेटत नाहीत, तर थेट क्लब. आत्ता शाळेने किंवा ऑफिसने पार पिळून काढलंय, घराबाहेर पडवत नाही, तर काही महिने ऑनलाइन, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. तीनही एकदम सुरू करू नका, आम्ही केलं होतं, पाचव्या आठवड्यात सगळंच बंद पडलं.

जागा बघायला जाते तेव्हा दोनच गोष्टी विचारते मी. मध्येच बाहेर जाऊन बसायला शांत कोपरा आहे का, आणि कोर्स संपल्यावर ही मुलं एकमेकांना भेटतात का. दुसऱ्या प्रश्नावर एका ठिकाणी ट्रेनरबाई गोंधळल्या, म्हणाल्या आम्ही नंबर देत नाही. भाच्याच्या बोर्डगेम ग्रुपमध्ये हा प्रश्न विचारायची वेळच आली नाही, आत गेलो तेव्हा दोघं जण पुढच्या रविवारी कुणाच्या घरी जमायचं ह्यावरून भांडत होते.