अठ्ठावीस दिवसांचा महिना : ऑनलाइन कुरआन शिकवणीचे नऊ महिने

मी सेलूच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे. शेतकऱ्याची पट्टी करताना वजन, भाव, हमाली, तोलाई अशा एकेका ओळीवर बोट ठेवून समजावून सांगायचं, हे माझं अठरा वर्षांचं काम. असा माणूस ४ नोव्हेंबर २०२४ ला मोबाइलवरचं अटींचं लांबलचक पान अंगठ्याने सरकवत खाली गेला आणि 'मान्य आहे'वर टेकला. एक ओळ वाचली नाही. सोयाबीनची आवक जोरात होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, ही आपली सबब.

शिकवणी लावली थोरलीसाठी. ती सातवीत. धाकटा कुरआन शिकायला मशिदीच्या मकतबात, म्हणजे तिथल्या शाळेत जातो, आठवड्याचे सहा दिवस, रोज तासभर, महिन्याला दोनशे रुपये. आमच्या गल्लीत दहा-अकराच्या पुढच्या मुली मकतबात बसत नाहीत. त्यांना घरी शिकवणाऱ्या आपा होत्या, त्या लग्न होऊन जालन्याला गेल्या. कुरआनचे तीस पारे, म्हणजे भाग; थोरलीचं कुरआन आठव्या पाऱ्यावर अडकलं ते दीड वर्ष. बाई शिक्षिका हवी आणि घरबसल्या हवी, एवढ्या दोनच गोष्टी मी बघितल्या. चाचणीचे दोन क्लास फुकट होते. शिक्षिका कैरोच्या. थोरलीला आवडल्या, विषय संपला.

संस्थेचं नाव लिहीत नाही. मोंढ्यातल्या दोघा-तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी लेकरं लावली आहेत, त्यांच्या अटी मी नंतर मागून वाचल्या. शब्द वेगळे, मेख तीच.

आधी फी. जाहिरातीत 'मासिक १,८०० रुपये, आठ क्लास, प्रत्येकी अर्धा तास' असं होतं. नोव्हेंबरच्या ४ तारखेला पहिले पैसे गेले. डिसेंबरात दोनदा कापले, २ तारखेला आणि ३० तारखेला. मला वाटलं, यांच्याकडून चूक झाली. व्हॉट्सअॅपवर विचारलं तर त्यांनी अटींमधली एक ओळ उचलून पाठवली: बिलाचा महिना म्हणजे चार आठवडे. वही काढली. वर्षाचे ३६५ दिवस, २८ ने भागले की तेरा हप्ते, वर एक दिवस उरतो. म्हणजे वर्षाला २१,६०० नव्हे, २३,४००. नोव्हेंबर ते जुलै या नऊ महिन्यांत माझे दहा हप्ते गेले, १८,००० रुपये. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे महिना दोन हजाराला पडला.

खोटं बोलणार नाही, क्लासच्या हिशेबाने यात लबाडी नाही. क्लास २२५ ला पडतो, तो कसाही मोजा. भांडण आहे ते 'मासिक' या शब्दाशी. पगार महिन्याला एकदा येतो आणि हे अठ्ठावीस दिवसांनी येतात, त्यामुळे तारीख दर वेळी पगाराच्या तारखेपासून मागे सरकत जाते. अम्मीला समजावलं तर ती म्हणाली, "चाँदचा महिना एकोणतीसचा नाहीतर तीसचा. हा अठ्ठावीसचा कुण्या चाँदचा?"

पैसे यूपीआय ऑटो-पेने जातात. कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो मलाही यायचा. पण मोंढ्यातल्या माणसाच्या फोनवर भावाचे, गाड्यांचे, बँकेचे इतके मेसेज पडतात की २९ डिसेंबरचा तो मेसेज मी जानेवारीत वाचला. आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. फी १,८०० असताना मंजुरी ५,००० पर्यंतची घेतलेली होती. म्हणजे उद्या फी वाढवली तर पुन्हा विचारायची गरज नाही. माझ्या बाबतीत तसं केलं नाही, पण दुसऱ्याच्या हातात कोरा चेक कुणी देत नाही.

आता शिकवण्याबद्दल, कारण एवढं लिहूनही मी हे का चालू ठेवलं, ते त्याशिवाय कळणार नाही.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी थोरलीला आठव्या पाऱ्यावरून उचलून थेट कायद्यावर, म्हणजे अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकावर आणलं. अलिफ, बे पासून. घरात नाराजी झाली. अम्मी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सात पारे पढलेल्या पोरीला कायदा? पण बाई बरोबर होत्या. आमच्या दखनी बोलीत क़ाफ या अक्षराचा ख होतो. कबरीची खबर होते, कलमचा खलम. तोच ख कुरआनात शिरतो. थोरली 'खुल हुवल्लाहु' म्हणायची, मी पण तेच म्हणतो, माझे अब्बाही तेच म्हणायचे. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, अब्बांची शाळा अर्धी उर्दू अर्धी मराठी, मी पहिलीपासून मराठीत. शाळा बदलत गेल्या, ख मात्र जागचा हलला नाही.

बाईंनी त्या एका अक्षरावर तीन क्लास घातले. कॅमेरा तोंडाजवळ नेऊन, जांभई देताना जीभ मागे जाते तशी जीभ न्यायला सांगितली, तिथून क काढायचा. थोरली घशातून खाकरल्यासारखी करायची, बाई मान हलवायच्या, पुन्हा. तिसऱ्या क्लासला निघाला. मी पलंगावर पट्ट्या तपासत होतो, हातातला पेन थांबला. मग थोरलीला काय सुचलं कोण जाणे, तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत बाईंना सांगितलं की आमच्यातही एक अक्षर आहे, म्हणून दाखवा: बाळ. बाई म्हणाल्या 'बाल'. थोरली म्हणाली नो. मग 'बार', मग 'बाड'. दोघी हसून हसून बेजार. अर्ध्या तासातली पाच मिनिटं त्यात गेली आणि ती मला एकदाही महाग वाटली नाहीत.

मग दाल या अक्षराचा ठसका आला. सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय, आयत म्हणजे त्यातलं वाक्य. सूरह इख्लासची प्रत्येक आयत दालवर थांबते, आणि थांबताना दाल नुसता दाबून टाकायचा नाही, हलकासा उसळू द्यायचा. क़ाफ, तो, बे, जीम, दाल या पाच अक्षरांना हा नियम आहे. धाकट्याला मकतबात हे कुणी सांगितलेलं नव्हतं. चाळीस पोरं आणि एक हाफिजजी, ते तरी कुणाकुणाच्या तोंडात बघणार? पण धाकटा नऊ महिन्यांत सात पारे पुढे गेला, आणि थोरली कायदा संपवून शेवटच्या, अम्मा पाऱ्यातच, छत्तीसाव्या सूरहवर. दोन्ही खरं आहे.

एक अडचण कुणी आधी सांगत नाही. आमच्या घरचा कुरआन सोळा ओळींचा, आपल्याकडच्या जाड लिपीचा. बाईंच्या स्क्रीनवरचा मदिनेच्या छपाईचा, पंधरा ओळी, ६०४ पानं. आयत तीच, पण जज़्मची, म्हणजे अक्षराला स्वर नसल्याची खूण वेगळी, काही अलिफ अक्षर म्हणून न दिसता वर छोट्या रेघेसारखे, थांबण्याच्या खुणाही निराळ्या. थोरली पाठ असलेल्या ओळीवर अडखळायला लागली. अटींमध्ये याबद्दल अवाक्षर नव्हतं. शिक्षिका एकदा फुकट बदलता येते, उर्दू बोलणारी आपल्याकडची मिळेल, असं संस्थेने सांगितलं. थोरलीने साफ नाही म्हटलं. आता घरात दोन कुरआन आहेत, दोन रेहालवर, म्हणजे कुरआन ठेवायच्या घडीच्या स्टँडवर.

सगळ्यात मोठा घोळ एप्रिलमध्ये झाला. क्लास सोमवार आणि बुधवार, आपल्या सात वाजता. सोमवार, २८ एप्रिलला थोरली सातला बसली, लिंक उघडली, पलीकडे कुणी नाही. वीस मिनिटं वाट पाहिली. बुधवारी तेच. मी तक्रार केली की बाई दोनदा आल्या नाहीत. उत्तर आलं की बाई दोन्ही दिवस होत्या, तुमची मुलगी गैरहजर होती, दोन्ही क्लास झाले असं धरलंय. शोध घेतल्यावर उलगडा झाला. इजिप्तने २०२३ पासून उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केलीय. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरअखेर परत मागे येतात. हिवाळ्यात आपण कैरोच्या साडेतीन तास पुढे, उन्हाळ्यात अडीच. बाईंची साडेतीनची वेळ होती तीच राहिली, आपली सातची सहा झाली. अटीत एका ओळीत लिहिलं होतं: वेळा शिक्षिकेच्या देशाप्रमाणे. ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. साडेचारशे रुपये.

उरलेल्या अटी मग एका रविवारी चहा घेऊन वाचून काढल्या, पट्टी वाचतो तशा. विद्यार्थ्याची दहा मिनिटं वाट पाहतील, मग क्लास झाला. मधे कनेक्शन तुटलं आणि दहा मिनिटं होऊन गेलेली असतील, तरीही क्लास झाला. मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्याकडे लाईट जाते हे कैरोला कसं कळणार? बाराव्या मिनिटाला लाईट गेली की राउटर बंद आणि २२५ रुपये पाण्यात. मी राउटरला छोटी बॅटरी लावली. क्लास रद्द करायचा तर बारा तास आधी कळवायचं, बुडालेला क्लास त्याच अठ्ठावीस दिवसांत भरून घ्यायचा, नाहीतर तो गेला.

रमज़ानमध्ये ही शेवटची अट बोचली. २ मार्च २०२५ ला आपला पहिला रोज़ा. शेवटच्या दहा दिवसांत संस्थेला सुट्टी, मग ३१ मार्चची ईद. तीन क्लास राहिले. भरून घ्यायला मुदत २० एप्रिलपर्यंत, आणि ईदनंतर बाईंच्या मोकळ्या वेळा सगळ्यांनीच पकडलेल्या. दोन झाले, एक वाया गेला. सुट्टी त्यांची, क्लास बुडाला आमचा. शिकवणी तात्पुरती थांबवता येते, चौदा दिवस, पण हप्ता सुरू व्हायच्या सात दिवस आधी अर्ज करायचा. ईद कुठल्या दिवशी ते आदल्या संध्याकाळी चाँद दिसल्यावर कळतं. तेव्हा अर्ज करायला उशीर झालेला असतो.

क्लासचं रेकॉर्डिंग होतं. त्याला संमतीचा चौकोन मी भरायच्या आधीच टिक केलेला होता. पोरगी बारा वर्षांची. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार खरेदीची संमतीसुद्धा अशी आधीच टिक करून घेता येत नाही. हे मी कळवलं, दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बंद झालं. बिलावर भारतातला पत्ता आहे, त्याचा उपयोग झाला.

जुलैमध्ये मी ऑटो-पे बंद केलं. शिकवणी बंद करायची नव्हती, फक्त पैसे आपल्या हाताने भरायचे होते. त्यांच्या ॲपमध्ये त्यासाठी बटणच नाही, ईमेल करा म्हणतात. पण यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेच्या यादीत जाऊन ते आपल्यालाच रद्द करता येतं. चार टिचक्या आणि पिन. दुसऱ्या दिवशी मेसेज: पैसे कापण्याची परवानगी नसेल तर तुमची जागा सात दिवसांत मोकळी करू. थोरली रात्री जेवली नाही.

मग मी मोंढ्यातल्या भाषेत न लिहिता नीट पत्र लिहिलं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार आहेत, आणि सबस्क्रिप्शन सुरू करणं सोपं पण सोडणं अवघड करून ठेवणं हा त्यातला एक प्रकार आहे, हे लिहिलं. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते, तेही लिहिलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नुसता उल्लेख केला, फोन केला नाही. आवाज चढवला नाही. दोन दिवसांत उत्तर आलं: दर वेळी लिंक पाठवू, तुम्ही भरा, जागा कायम. आणि एप्रिलमधले दोन क्लास परत दिले. सौजन्याने, असा शब्द वापरला होता. मी तो घेतला.

अम्मीचं मत अजून बदललेलं नाही. कुरआनच्या शिकवणीला तासांचा भाव कसला, हाफिजजींना आपण हदिया, म्हणजे भेट देतो, फी नाही, असं ती म्हणते. मी वाद घालत नाही. हाफिजजींकडे सबक, म्हणजे धडा, पक्का झाला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच सबक, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इथे आपण घेतो ती बाईंची अर्ध्या तासाची जागा, त्यात सबक किती झाला याची कुणाची हमी नाही. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, आणि मग 'मासिक' म्हणजे किती दिवस, हे आधी लिहून घ्यायला सांगतो. क़ाफ मात्र तिथेच निघाला, हे पण सांगतो.

११ ऑगस्टचे पैसे लिंकवर हाताने भरले, पावती छापून वहीत लावली. बाई म्हणतात, अम्मा पारा या हप्त्यात पूर्ण होईल. पुढची तारीख ८ सप्टेंबर, सोमवार.