बी-स्टूअर्ड: बंबलबीसाठी जमीन आखताना, काही महिन्यांच्या वापरानंतर

बी-स्टूअर्ड हे संगणकावरचं मॉडेल आहे: जमिनीचा नकाशा दिला की तिथल्या बंबलबींचं, म्हणजे गुबगुबीत, केसाळ रानमाश्यांचं, काय होईल ते चालवून दाखवतं. ‘आमच्या जमिनीवर किती बंबलबी होतील?’ एवढंच विचारायचं असेल तर ते डाउनलोड करू नका. आकडा मिळेल, पण तो खरा धरून चाललात तर पस्तावाल. ‘हे करू की ते करू?’ असा प्रश्न असेल, तर मात्र फुकटात याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आम्ही काही जण मिळून नैऋत्य इंग्लंडमध्ये एक छोटं फार्म सांभाळतो. दोन कुरणं, जुन्या हेज (झुडपांची जिवंत कुंपणं), ओढ्याकाठी थोडी झाडी. जागा बेताची, पैसे त्याहून बेताचे आणि मतं मात्र भरपूर. कुणाला रानफुलांचा नवा पट्टा पेरायचा होता, तर कुणाचं म्हणणं, आहे तेच आधी नीट राखा. वाद काही मिटेना, म्हणून मी या सॉफ्टवेअरकडे वळले.

ते एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांचं आहे. मधमाश्यांसाठीचं बीहेव्ह (२०१४) आणि बंबलबीसाठीचं बंबल-बीहेव्ह (२०१८) ही त्यांची आधीची दोन मॉडेलं यात एकत्र आणली आहेत. सगळं नेटलोगो या अशी मॉडेलं चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे रूपडं जुनाट आहे: ‘सेटअप’ आणि ‘गो’ची बटणं, मधे नकाशा, भोवती आलेखांची दाटी. पहिल्यांदा उघडलं की धडकीच भरते. मोबाइलवर वापरायचा विचार सोडून द्या.

खरी मेहनत नकाशाची. कुरण कुठे, हेज कुठे, झाडी कुठे, हे रंगांनी दाखवायचं आणि कशात कोणती फुलं आहेत ते सांगायचं. आपल्या हद्दीपुरतं हे जमतं, कारण पायाखालची जमीन असते. पण कामकरी माशी घरट्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर सहज चरायला जाते, ती काही आपल्या फाटकाशी थांबत नाही. म्हणजे शेजाऱ्यांची शेतंही काढायला हवीत. आणि पलीकडचा शेतकरी पुढच्या वर्षी रेपसीड (मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं पीक) पेरणार की गहू, हे मी कुठून आणू? दोन्ही शक्यता वेगवेगळ्या चालवून पाहणं एवढंच हातात राहतं.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं, त्याबद्दल. मॉडेलमध्ये राणी वसंतात जागी होते, घरटं शोधते, पहिली पिल्लं एकटीच वाढवते. मग कामकरी माश्या चरायला लागतात आणि हंगामाच्या शेवटी नव्या राण्या तयार होतात. जुनी वसाहत संपते, नव्या राण्या जमिनीत शिरून हिवाळा काढतात आणि पुढच्या वर्षाचा खेळ त्यांच्यावर चालतो. म्हणून मी कामकरी माश्यांच्या आकड्याकडे बघणं सोडलं आणि हिवाळ्यात जाणाऱ्या राण्यांवर नजर ठेवली.

मधमाश्यांच्या पोळ्यात मधाचा साठा असतो. बंबलबीच्या घरट्यात फार तर काही दिवसांचा शिधा. त्यामुळे वर्षभरात एकूण मकरंद किती, याला फारसा अर्थ नाही. मधे खंड पडतो का, हे महत्त्वाचं. आमच्या आलेखात हा खंड जूनच्या सुरुवातीला आला. हेजमधल्या काटेरी हॉथॉर्नचा बहर ओसरलेला, ब्लॅकबेरीच्या झुडपांना नुसत्या कळ्या, आणि कुरण तर आम्ही दरवर्षी मेअखेरीस एका दमात कापून मोकळे होत होतो. त्या आठवड्यात मी बाहेर जाऊन पाहिलं. हेजखाली पाकळ्यांचा तपकिरी पडलेला सडा आणि ओढ्याकाठच्या पांढऱ्या डेड-नेटलच्या एका लहानशा ताटव्यावर दाटीवाटीने पॅस्क्युओरम या बंबलबीच्या जातीच्या पिंगट माश्या. फुलं म्हणून आसपास तेवढीच होती.

मग दोन पर्याय समोरासमोर लावले. एकात नवा पट्टा, बाकी सगळं पूर्वीसारखं. दुसऱ्यात पेरणी काहीच नाही. अर्धं कुरण जुलैच्या मध्यानंतर कापायचं आणि हेज दरवर्षी न छाटता तीन वर्षांनी एकदा, आळीपाळीने छाटायची. हॉथॉर्नला फुलं येतात ती जुन्या काडीवर. दर हिवाळ्यात यंत्र फिरवलं की पुढचा बहर छाटणीतच जातो. बियाण्याला पैसा न लावता दुसरा पर्याय राण्यांच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक रनमध्ये वरचढ ठरला. ‘जवळजवळ’ म्हणते, कारण मॉडेलमध्ये नशिबाचा भाग आहे. तोच नकाशा दोनदा चालवला तरी आकडे वेगळे येतात. एका रनवर विसंबून सभेत बोलायला उभे राहू नका. नेटलोगोतलं बिहेव्हियरस्पेस वापरून एकेका पर्यायाचे ढीगभर रन रात्रीतून लावून ठेवा. लॅपटॉप तापतो, तापू द्या.

तक्रारी आहेतच. घरट्यांच्या जागांबाबत मला समाधान नाही. आमच्या बांधावर गवताचे जुने झुपके आहेत, उंदरांची सोडलेली बिळं आहेत, राण्या नेमक्या तिथेच घुटमळताना दिसतात. नकाशात मात्र तो सगळा बांध एका रंगाची रेघ होऊन बसतो. मदतीची पानं संशोधकाने संशोधकासाठी लिहिल्यासारखी आहेत. आणि प्रत्यक्ष मोजणीला हे पर्याय नाही: मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला ठरलेल्या वाटेवरून चालत माश्या मोजायचं बीवॉक आम्ही चालूच ठेवलं आहे. एका हंगामाच्या नोंदींवरून मॉडेल बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही. हवामानच एवढं लहरी असतं.

यंदा अर्धं कुरण उशिरा कापलं. नवा पट्टा हवा म्हणणाऱ्यांचं समाधान अजून झालेलं नाही. लाल क्लोव्हर (खोल फुलांचा चारा) पेरला तर हॉर्टोरमसारख्या लांब जिभेच्या जातीला फायदा होईल, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मॉडेलमध्ये जातीगणिक जिभेची लांबी आणि फुलाची खोली धरलेली आहे, त्यामुळे हे तपासता येतं. क्लोव्हरचा नकाशा रंगवून झालाय, आज रात्री रन लावते.