बॉस्टनला जाताना विमान कुठे बदलायचं: रेक्याविक की शॅनन?

लंडनहून बॉस्टनला थेट विमानं भरपूर आहेत. पण ताईकडे जून-जुलैत जायचं म्हटलं की थेट तिकिटाचा आकडा बघूनच छातीत धस्स होतं आणि आपण मधल्या थांब्याची तिकिटं शोधू लागतो. मग दोन नावं पुढे येतात: आइसलंडमधलं रेक्याविक आणि आयर्लंडच्या पश्चिमेचं शॅनन. मी दोन्हीकडून गेले आहे, एकदा एकटी आणि एकदा आईबाबांना घेऊन. भाड्यातल्या थोड्याफार फरकावर निर्णय घेऊ नका. सोबत कोण आहे आणि हातात कोणता पासपोर्ट आहे, ते आधी बघा.

दोन्ही विमानतळ समुद्राकाठचे, आणि मोठे झाले ते एकाच कारणाने. जुन्या विमानांना एका दमात अटलांटिक ओलांडता येत नसे, इंधनासाठी कुठेतरी उतरावंच लागे. रेक्याविकजवळचा केफ्लाविक विमानतळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधला. शॅननला 1947 साली जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान निघालं. पुढे लांब पल्ल्याची जेट आली आणि इंधनाची गरज संपली. आता एअरबस ए321एलआरसारखी मधे एकच वाट असलेली लहान विमानं अटलांटिक पार करतात. तीनशे प्रवासी जमवायची गरज नसल्याने लहान गावाहूनही अमेरिकेचं विमान परवडतं.

रेक्याविकचं गणित वेळापत्रकात आहे. दुपारी युरोपातून विमानं येतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास ओळीने अमेरिका-कॅनडाकडे निघतात. त्यामुळे मधे बहुधा तास-दीड तासच मिळतो. लंडन ते केफ्लाविक तीन तास, पुढे बॉस्टन साडेपाच-सहा. प्रवास असा दोन टप्प्यांत वाटला जातो आणि पाय आखडत नाहीत. आइसलंडएअरच्या तिकिटावर भाडं न वाढवता सात दिवसांपर्यंत तिथे राहताही येतं. तरुण जोडप्याने ही संधी सोडू नये. पण भारतीय पासपोर्ट असेल तर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, हवा.

अडचण म्हणजे तो तास-दीड तास. माझ्या वेळी विमान दूर उभं केलं होतं. बसमधून उतरून शिडी चढताना वारा असा की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घाईघाईत हे झेपणार नाही. हिवाळ्यात वादळाने पहिलं विमान लांबलं तर पुढचं हमखास चुकतं, आणि त्याच शहराचं पुढचं विमान बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच.

शॅननहून बॉस्टन आणि न्यूयॉर्क सोडलं तर फारसे पर्याय नाहीत. लंडनहून दीड तास, पुढे जवळजवळ सात तास. पण अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही इथेच, विमानात बसण्याआधी होतं. इमिग्रेशनची सोय 1986 पासून आहे, कस्टम्स 2009 मध्ये आलं. बॉस्टनला उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. ब्रिटिश एअरवेजचं लंडन सिटी या विमानतळाहून न्यूयॉर्कला जाणारं छोटं विमान 2009 पासून काही वर्षं जाताना इथे थांबायचं. सिटीच्या आखूड धावपट्टीवरून पूर्ण इंधन घेऊन उडता येत नसे, म्हणून इंधन इथे भरत आणि तेवढ्या वेळात प्रवाशांची तपासणी उरकत.

ही तपासणी आधीच उरकण्याचा खरा अर्थ मला आईमुळे कळला. तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. जन्मभर भांडी घासून रेषाच पुसट झालेल्या. अधिकाऱ्याने तिला बोट कपाळावर घासून पुन्हा ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मागे जेमतेम सहा-सात माणसं होती, कोणी चुळबुळ करत नव्हतं. बाबा व्हीलचेअरवर शांत बसून होते. हेच बॉस्टनच्या रात्रीच्या रांगेत, सात तासांच्या प्रवासानंतर झालं असतं तर दोघं किती घाबरली असती, हा विचार आजही मनात येतो.

मात्र शॅननची गाठ व्हिसाशी आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, आणि ब्रिटनमध्ये कायम राहायचा परवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये शिरायला वेगळा व्हिसा लागतो. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मधे सामान घ्यायचं ठरवलंत तर त्याशिवाय चालणारच नाही. आम्ही आईबाबांचा व्हिसा आधी काढला, तिकीट नंतर. जर्मनी-नेदरलँड्सला राहणाऱ्यांकडे शेंगेन परवाना असतोच, त्यांनी रेक्याविकच धरावं.

आणखी एक. लहान विमानतळांवरची अमेरिकेची विमानं अचानक बंद होतात. नॉर्वेजियन या विमानकंपनीने 2019 मध्ये आयर्लंडहून अमेरिकेची सेवा थांबवली. आइसलंडची वॉव ही कंपनी त्याच वर्षी बुडाली, तिथलीच प्ले 2025 मध्ये. स्वस्त तिकीट दिसलं तरी दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगवर घ्या आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरा.

पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा पुन्हा येताहेत. त्यांच्यासाठी शॅननच ठरवलंय, व्हिसाचे अर्ज या आठवड्यात भरतेय. मी एकटी जाईन तेव्हा रेक्याविकला तीन दिवस थांबणार आहे.