दादरचा एसएसबी क्लास: एका लेक्चरमध्येच पूर्ण फी वसूल

दादर वेस्टला स्टेशनजवळच्या एका क्लासची एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडणारं बोर्ड) इंटरव्ह्यूची बॅच केली, दोन महिने डोंबिवलीहून अप-डाऊन करून. बाकी शिकवणं ठीकठाक, पण जॅग ब्रँचमधून, म्हणजे सैन्याच्या कायदा विभागातून, रिटायर झालेले एक सर येतात, त्यांचं 'हुकूम' या विषयावरचं तीन तासांचं लेक्चर मी आयुष्यात विसरणार नाही.

आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 41, हुकूम मोडला तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा, एवढं आम्ही पाठ करून गेलेलो. सरांनी त्यातला 'लॉफुल' (कायदेशीर) हा एकच शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढचा अख्खा तास त्याच्यावरच. हुकूम आवडला नाही, चुकीचा वाटला, जिवाला धोका आहे म्हणून तो बेकायदा होत नाही, रात्री दोनला पेट्रोलिंगला जा म्हटलं की निघायचं. पण शस्त्र टाकून शरण आलेल्याला गोळी घाल म्हटलं तर तिथे देणाराही अडकतो आणि झाडणाराही. माय लाय घ्या, 1968, व्हिएतनाम, अमेरिकन सैनिकांनी गावातली निःशस्त्र माणसं मारली. लेफ्टनंट कॅली म्हणाला मी कॅप्टनचा हुकूम पाळला, तरी 1971 ला कोर्ट मार्शलने त्याला 22 जणांच्या खुनासाठी दोषी धरलं. कॅप्टन मदिना मात्र सुटला, ते ऐकून वर्गात सगळेच चिडले.

मी विचारलं, मग चंद्रसिंह गढवालींचं काय सर? ब्रिटिश फौजेतले सैनिक, 23 एप्रिल 1930, पेशावर, निःशस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार दिला आणि जन्मठेप झाली. सर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले की कोर्ट पुढे काय ठरवेल याची गॅरंटी त्या क्षणी कोणीच देत नाही, निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं.

तक्रार नोट्सबद्दल आहे. त्यात अजून आयपीसीचं कलम 76 च छापलंय (कायद्याने बांधील म्हणून केलेलं कृत्य गुन्हा नाही, ते), जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 14 झालंय. शिवाय त्यातलं सैनिकाचं उदाहरण अर्धवट दिलंय, 'वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडली, गुन्हा नाही' एवढंच. मूळात 'कायद्याच्या आज्ञेला धरून' असंही आहे आणि सगळा अर्थ तिथेच आहे, पोरं चुकीचं पाठ करून बोर्डासमोर जातील. ऑफिसात दोनदा सांगितलं, अजून बदललेलं नाही.

एका खोलीत साठ मुलं, मागे आवाज नीट येत नाही, त्यामुळे त्या लेक्चरला अर्धा तास आधी जाऊन पुढचा बाक धरा.